मोजणारं यंत्र दुरुस्त करताना

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्कशॉपमधला एक मल्टिमीटर दुरुस्त होऊन परत आला. डिस्प्ले स्वच्छ, बझर खणखणीत, सगळ्या रेंज चालू. त्याच मीटरने मी एका ग्राहकाच्या यूपीएसचं चार्जिंग सेट केलं. १२ व्होल्टच्या सीलबंद बॅटरीला कायम जोडणीत साधारण १३.६ व्होल्ट लागतात. मीटरवर १३.२७ दिसले, म्हणून प्रीसेट फिरवून १३.६ वर आणले. आठ महिन्यांत त्या बॅटऱ्या फुगल्या. शोध घेतल्यावर कळलं की दुरुस्तीत मीटरमधला एक अचूक रेझिस्टर बदलला होता आणि त्या जागी ५ टक्के टॉलरन्सचा साधा रेझिस्टर बसवला होता. मीटर जवळजवळ अडीच टक्के कमी दाखवत होता. चार्जर मुळात बरोबर होता. मीच तो १३.९ च्या पुढे नेऊन ठेवला होता.

बंद पडलेल्या मीटरकडून कोणी काही मोजून घेत नाही. नुकसान होतं ते चुकीचं दाखवणाऱ्या मीटरमुळे. म्हणून मापनयंत्राची दुरुस्ती दिवा लागला की संपत नाही, आकडा खरा ठरला की संपते. दुरुस्ती कोणाकडे द्यायची, स्वतः कितपत करायची आणि शेवटी खात्री कशी करायची, हे ठरवण्याची ही कृती आहे. लहान उद्योग, आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळा, दुरुस्तीची वर्कशॉप यांच्याकडे जी साधनं असतात ती मी डोळ्यांसमोर ठेवली आहेत: मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप, पॉवर सप्लाय, फंक्शन जनरेटर, एलसीआर मीटर.

हाताशी काय असावं

- कॅलिब्रेशनच्या मुदतीत असलेला दुसरा मल्टिमीटर.
- सिरीज बोर्ड: ६० आणि १०० वॉटचे फिलामेंटचे बल्ब. इथे एलईडी बल्ब उपयोगाचा नाही.
- कपॅसिटर रिकामा करायला १० वॉटचे दोन वायरवाउंड रेझिस्टर, एक २२० ओहमचा आणि एक २.२ किलोओहमचा, टोकांना इन्सुलेशन असलेल्या क्लिपा लावलेले.
- तापमान नियंत्रित करता येणारं सोल्डरिंग स्टेशन, ६३/३७ सोल्डर (ते १८३ अंश सेल्सिअसला वितळतं), डिसोल्डर पंप आणि विक.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनर.
- अर्थला जोडलेला मनगटी पट्टा आणि मॅट. हे फक्त वीज काढलेल्या बोर्डावर काम करताना वापरायचं. चालू यंत्रावर हात घालण्याआधी पट्टा काढायचा.
- स्क्रू ठेवायला खणाखणांचा डबा, फोटोसाठी मोबाइल आणि एक जाड वही.

पायरी १: बिघाड यंत्रातच आहे याची खात्री करा

दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच यंत्रांत आत काहीच बिघडलेलं नसतं. दोष वायरीत, प्रोबमध्ये, फ्यूजमध्ये किंवा कोणीतरी बदललेल्या सेटिंगमध्ये असतो.

मल्टिमीटर असेल तर आधी नवा सेल घाला. सेल उतरला की अनेक मीटर बंद न पडता चुकीचे आकडे दाखवू लागतात. मग ओहम रेंजवर दोन्ही लीड एकमेकींना टेकवा. अर्ध्या ओहमच्या आत स्थिर आकडा आला पाहिजे. लीड प्लगपाशी आणि पिनेपाशी हलवून पाहा. आकडा उड्या मारत असेल तर तार आवरणाच्या आत तुटली आहे. करंट मोजत नसेल तर फ्यूज तपासा. बऱ्याच मीटरमध्ये मीटर न उघडता हे करता येतं: लाल लीड व्होल्ट-ओहमच्या भोकात ठेवून तिचं टोक अँपिअरच्या भोकात घाला. १० अँपिअरच्या बाजूला जवळजवळ शून्य ओहम दिसतात, मिलिअँपिअरच्या बाजूला मॉडेलनुसार काही ओहम ते किलोओहम. आकडाच न येणं म्हणजे फ्यूज गेला.

इथे एक आग्रह आहे. मल्टिमीटरमध्ये रेडिओच्या दुकानातला काचेचा फ्यूज कधीही घालू नका. फ्लूकच्या अनेक मीटरमध्ये ४४० मिलिअँपिअर आणि ११ अँपिअरचे, १००० व्होल्ट क्षमतेचे, आत वाळू भरलेले फ्यूज असतात. चुकून अँपिअरच्या भोकात लीड ठेवून थ्री-फेज पॅनेलला टेकवली, तर तोच फ्यूज ठिणगी आतल्या आत विझवतो. काचेचा फ्यूज फुटतो आणि आर्क मीटर धरलेल्या हातापर्यंत येतो.

ऑसिलोस्कोप असेल तर आधी ‘डिफॉल्ट सेटअप’ दाबा. पुढच्या पॅनेलवर प्रोब तपासायला चौकोनी तरंग असतो, बहुतेक स्कोपवर १ किलोहर्ट्झचा. प्रोब तिथे लावा. मग तोच प्रोब दुसऱ्या चॅनेलवर आणि दुसरा प्रोब पहिल्या चॅनेलवर लावून पाहा. बिघाड प्रोबबरोबर सरकला तर प्रोब खराब, चॅनेललाच चिकटून राहिला तर यंत्र खराब. दोन मिनिटांच्या या अदलाबदलीने आमचे कित्येक ‘बिघडलेले’ स्कोप शेल्फवर परत गेले आहेत.

पायरी २: बिघाड कागदावर उतरवा

“स्कोप चालत नाही” या वाक्यावर कोणी दुरुस्ती करू शकत नाही. असं लिहा: “चॅनेल २ वर ५० मिलिव्होल्ट आणि त्याखालच्या रेंजला रेषा पडद्याच्या वर निघून जाते. १०० मिलिव्होल्टच्या वर ठीक. सुरू केल्यावर दहा मिनिटांनी दोष कमी होतो. चॅनेल १ नीट.” इतक्यावर अनुभवी माणूस अटेन्युएटर आणि पहिल्या अॅम्प्लिफायरकडे बोट दाखवतो.

सोबत मॉडेल, सीरियल नंबर, आत बसवलेले ऑप्शन, फर्मवेअरची आवृत्ती, शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख आणि बिघाडापूर्वी काय घडलं ते लिहा. वीज चमकली होती का, यंत्र पडलं होतं का, ५० ओहमच्या इनपुटला कोणी जास्त व्होल्टेज दिलं का? शेवटचा प्रश्न विचारताना आवाज चढवू नका. विद्यार्थी किंवा ऑपरेटर घाबरला की खरी हकीकत मिळत नाही आणि दुरुस्तीचे दोन दिवस वाया जातात.

पायरी ३: या यंत्राच्या आकड्यावर काय अवलंबून आहे ते ठरवा

दुरुस्तीचा मार्ग यंत्राच्या किमतीवरून निवडू नये, त्याच्या कामावरून निवडावा. मी तीन गट करतो.

पहिला गट: ज्याचा आकडा तपासणी अहवालात, ग्राहकाच्या प्रमाणपत्रात किंवा ऑडिटमध्ये जातो. मेन्स किंवा थ्री-फेजवर हातात धरून वापरायचे मीटरही मी याच गटात धरतो, कारण तिथे आकड्याबरोबर माणूसही पणाला लागतो.

दुसरा गट: दुरुस्ती आणि डिझाइनच्या टेबलावरची साधनं. आकडा बराच खरा हवा, पण प्रमाणपत्र लागत नाही.

तिसरा गट: शिकवण्याची आणि ‘सिग्नल आहे की नाही’ एवढंच पाहण्याची साधनं.

पहिल्या गटातलं यंत्र घरच्या टेबलावर उघडू नका. तिसऱ्या गटातलं बहुधा घरीच उघडा. खरा विचार दुसऱ्या गटात करावा लागतो, आणि तो पुढच्या पायरीत.

पायरी ४: चार आकडे मांडा

दुरुस्तीचा अंदाज, दुरुस्तीनंतरच्या कॅलिब्रेशनचा खर्च, जाण्यायेण्याचं भाडं व विमा, आणि तेवढे दिवस यंत्र नसल्याने होणारं नुकसान किंवा भाड्याच्या यंत्राचा खर्च. या चौघांची बेरीज त्याच कामाच्या नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्यापेक्षा जास्त झाली, तर मी नवं घेण्याचा विचार सुरू करतो. हा माझा अंगवळणी पडलेला हिशेब आहे. पण जुन्या यंत्राची बरोबरी करणारं नवं आज मिळतं का, हे आधी बघा. साधा २०–३० मेगाहर्ट्झचा सीआरओ असेल तर आजचा बेसिक डिजिटल स्कोप त्याच्या पुढे आहे. साडेसहा आकडी बेंच मल्टिमीटर असेल तर तसा नवा परवडत नाही. तो दुरुस्त करणंच शहाणपणाचं.

सरकारी आणि अनुदानित संस्थांत आणखी एक गोष्ट: यंत्र डेड स्टॉक रजिस्टरवर असतं. सुटे भाग काढण्याआधी, विकण्याआधी निर्लेखनाची प्रक्रिया पूर्ण करा. मी पाहिलेल्या प्रयोगशाळांमध्ये बंद यंत्रं वर्षानुवर्षं कपाटात पडून असतात, कारण तो एक कागद कोणी पुढे सरकवत नाही. निर्लेखित झालेलं यंत्र ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत रीसायकलरकडेच द्या. तसाच आणखी एक नग चालू असेल, तर देण्याआधी नॉब, स्विच, ट्रान्सफॉर्मर, डिस्प्ले काढून ठेवण्याची परवानगी त्याच अर्जात मागून घ्या.

पायरी ५: मार्ग निवडा

*उत्पादकाचं सर्व्हिस सेंटर.* वॉरंटी असेल तर दुसरा मार्ग नाही. स्पेक्ट्रम अॅनालायझर, नेटवर्क अॅनालायझर, जास्त बँडविड्थचे स्कोप यांच्यासाठीही हाच मार्ग, कारण त्यांचे खास चिप आणि जुळवणीचं सॉफ्टवेअर बाहेर मिळत नाही. बऱ्याचदा इथे एकेक भाग न बदलता पूर्ण बोर्ड बदलतात, त्यामुळे खर्च मोठा आणि खात्रीही मोठी. फोन करण्याआधी मॉडेलला अजून सपोर्ट आहे का ते त्यांच्या वेबसाइटवर पाहा. उत्पादन थांबल्यावर ठरावीक वर्षांनी तो संपतो. जुन्या यंत्रावरचं नाव आणि आजची कंपनी वेगळी असू शकते. एचपीचा मापनयंत्रांचा विभाग १९९९ मध्ये एजिलंट झाला आणि २०१४ मध्ये कीसाइट, त्यामुळे ‘एचपी’ लिहिलेल्या मीटरची चौकशी कीसाइटकडे करायची. देशी बनावटीच्या यंत्रांत हा मार्ग अनेकदा स्वस्त आणि जवळचा निघतो. अॅपलॅबचा पॉवर सप्लाय किंवा नाशिकच्या मोटवानेचा मीटर असेल, तर पहिला फोन उत्पादकालाच करा.

*कॅलिब्रेशन प्रयोगशाळा.* अनेक प्रयोगशाळा किरकोळ दुरुस्ती आणि जुळवणीही करतात. एनएबीएलची मान्यता आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकानुसार असते. पण मान्यता आहे एवढ्यावर थांबू नका. मान्यतेच्या व्याप्तीचा तक्ता मागा आणि तुमची राशी, तुमची रेंज आणि तिथली अनिश्चितता त्यात आहे का ते वाचा. डीसी व्होल्टेजची मान्यता असलेली प्रयोगशाळा उच्च फ्रीक्वेन्सीला मान्यताप्राप्त असेलच असं नाही. मुंबईत चुनाभट्टीची आयडेमी ही १९६९ मध्ये सुरू झालेली, विद्युत मापनयंत्रांच्या डिझाइनसाठीच उभारलेली सरकारी संस्था आहे. अंधेरीच्या एमआयडीसीत ईआरटीएल (वेस्ट) आहे. दोन्हीकडे कॅलिब्रेशनची सोय आहे.

इथे दोन शब्दांची गल्लत टाळा. कॅलिब्रेशन म्हणजे यंत्र किती चुकतं ते मोजणं. अॅडजस्टमेंट म्हणजे ती चूक काढणं. नुसतं कॅलिब्रेशन मागितलं तर चुकणारं यंत्र चुकांच्या तक्त्यासह तसंच परत येऊ शकतं. म्हणून ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा: “आल्या स्थितीतले आकडे द्यावेत, मर्यादेबाहेर असल्यास अॅडजस्ट करावं आणि नंतरचे आकडेही द्यावेत.” आल्या स्थितीतले आकडे नसतील, तर गेल्या वर्षभरात तुम्ही मोजलेला माल बरोबर होता की नाही हे कधीच कळणार नाही.

*स्वतंत्र दुरुस्ती करणारा कारागीर.* उत्पादकाने सोडून दिलेल्या यंत्रांना खरा आधार या माणसांचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत चौकशी केली, की अशा लोकांचा पत्ता मिळतो. चांगला कारागीर ओळखायला चार प्रश्न विचारा. या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आहे का? बदललेले भाग परत देणार का? अचूक रेझिस्टरच्या जागी काय घालणार? दुरुस्तीनंतर कशाशी ताडून पाहणार? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं आली आणि चौथ्याला गप्प राहिला, तर दुरुस्ती त्याच्याकडून करा आणि पडताळणी प्रयोगशाळेकडून. माझ्या त्या मल्टिमीटरच्या वेळी मी हा चौथा प्रश्न विचारला नव्हता.

*घरचं टेबल.* तुटलेले नॉब आणि सॉकेट, घाण झालेले स्विच, गेलेले फ्यूज, सुकलेले कपॅसिटर, पॉवर सप्लायचे ट्रान्झिस्टर. ही कामं साधी आहेत आणि शिकवण्यासारखी आहेत.

*तात्पुरती सोय.* दुरुस्ती लांबणार असेल तर मापनयंत्रं भाड्याने मिळतात. महत्त्वाच्या ऑर्डरच्या काळात चुकणाऱ्या यंत्रावर काम रेटण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

पायरी ६: बाहेर पाठवताना

यंत्रातले स्वतःचे सेटअप आणि डेटा पेनड्राइव्हवर काढून घ्या. प्रोब, लीड, मेमरी कार्ड, बॅटरी काढून घरी ठेवा. प्रोबचा संशय असेल तरच तो सोबत पाठवा. डिलिव्हरी चलनावर ‘दुरुस्तीसाठी, परत येणार’ असं, आणि सीरियल नंबर व सोबतच्या प्रत्येक वस्तूचं नाव लिहा. चहूबाजूंनी फोटो काढा. दोन खोकी वापरा: आतल्या खोक्यात यंत्र, दोन्ही खोक्यांच्या मध्ये चार बोटं जाडीचा फोम. नॉब आणि डिस्प्लेची बाजू खोक्याला टेकू देऊ नका. पायरी २ चा कागद यंत्रालाच चिकटवा; खोक्यावर चिकटवलेला कागद टेबलापर्यंत पोहोचत नाही.

कोटेशन आल्याशिवाय काम सुरू करू नये, आणि दुरुस्ती नाकारली तर तपासणीचा खर्च किती, या दोन ओळी आधीच लिहून घ्या.

पायरी ७: घरच्या टेबलावर

सुरक्षेच्या चार गोष्टी आधी, आणि त्यांत सवलत नाही.

एक: २३० व्होल्टवर चालणाऱ्या स्विचिंग सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही टिकून राहू शकतात. २.२ किलोओहमचा रेझिस्टर दहा सेकंद लावा आणि मीटरने शून्य आल्याचं पाहूनच हात घाला. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका.

दोन: जुन्या सीआरओच्या पिक्चर ट्यूबवर दोन हजार व्होल्टपासून दहा-पंधरा हजार व्होल्टपर्यंत ताण असतो. त्याचा अनुभव नसेल तर झाकण उघडूच नका.

तीन: स्कोपच्या पॉवर कॉर्डची अर्थची पिन कापू नका, कोणी कापलेली असेल तर कॉर्ड आजच बदला. ‘फ्लोटिंग’ माप घेण्यासाठी अर्थ तोडला की स्कोपचा सगळा धातूचा सांगाडा थेट मेन्सच्या व्होल्टेजवर जाऊ शकतो. त्या कामासाठी डिफरन्शियल प्रोब असतो.

चार: डिमरस्टॅट मेन्सपासून वेगळं करत नाही, तो ऑटोट्रान्सफॉर्मर आहे. विलगतेसाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वेगळा लागतो. स्विचिंग सप्लायला डिमरस्टॅटने हळूहळू व्होल्टेज चढवूनही देऊ नका. कमी व्होल्टेजला तो जास्त करंट ओढतो.

आता क्रम. आधी नुसतं पाहा आणि वास घ्या. फुगलेले कपॅसिटर, काळा पडलेला बोर्ड, मासळीसारखा वास, हिरवट गंज. फोटो काढून मगच कनेक्टर सोडवा. धूळ ब्रशने काढा. नव्वदच्या दशकातल्या अनेक यंत्रांत बोर्डावर चिकटणारे छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतात आणि खालचे तांब्याचे मार्ग खातात. अशा यंत्रात कपॅसिटर बदलून अल्कोहोलने धुतल्यावर अर्धे दोष जातात. जुन्या युरोपीय आणि अमेरिकी यंत्रांच्या मेन्स फिल्टरमध्ये पिवळसर पारदर्शक आवरणाचे कागदी कपॅसिटर असतात, तंत्रज्ञ त्यांना ‘रिफा’ म्हणून ओळखतात. त्यांच्या आवरणाला भेगा पडतात, आत दमट हवा शिरते आणि एक दिवस खोलीभर धूर होतो. कोकणात आणि गोव्यात तर ते दिसताक्षणी बदला. जागी मूळ कपॅसिटरच्याच सुरक्षा वर्गाचा, एक्सच्या जागी एक्स आणि वायच्या जागी वाय, कपॅसिटर घाला.

मग वीजपुरवठा तपासा. मॅन्युअलमध्ये दिलेले ५, १२, १५ व्होल्टचे सगळे सप्लाय मोजा, डीसी आणि रिपल दोन्ही. ते ठीक असल्याशिवाय पुढचा एकही भाग बदलू नका. टेक्ट्रॉनिक्स आणि एचपीच्या जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट, प्रत्येक टप्प्याचं व्होल्टेज आणि ‘हे कसं चालतं’ यावर एक प्रकरण असायचं. ते प्रकरण आधी वाचा.

*एक उदाहरण: ० ते ३० व्होल्ट, २ अँपिअरचा प्रयोगशाळेचा सप्लाय.* तक्रार अशी, की नॉब फिरवला तरी आउटपुट ४२ व्होल्टवरच. म्हणजे आतला कच्चा डीसी सरळ बाहेर येतो आहे. संशय पास ट्रान्झिस्टरवर, बहुधा २एन३०५५ वर.

प्लग काढा. मोठा फिल्टर कपॅसिटर २२० ओहमच्या रेझिस्टरने रिकामा करा. ४७०० मायक्रोफॅरडला सहा-सात सेकंद पुरतात. ट्रान्झिस्टर सर्किटबाहेर काढून डायोड रेंजवर तपासा. कलेक्टर आणि एमिटरमध्ये दोन्ही दिशांनी शून्याजवळ आकडा म्हणजे तो शॉर्ट आहे. चांगल्या ट्रान्झिस्टरमध्ये लाल लीड बेसला ठेवली, की एमिटर आणि कलेक्टर दोन्हींकडे अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. त्याला चालवणारा छोटा ट्रान्झिस्टर आणि एमिटरमधला कमी ओहमचा रेझिस्टरही तपासा. हे तिघं बहुतेक एकत्रच जातात.

नवा भाग ओळखीच्या दुकानातून घ्या, कारण बाजारात नकली २एन३०५५ भरपूर आहेत आणि पहिल्याच लोडला जातात. हीट सिंक पुसून कोरडी करा. अभ्रकाच्या चकतीला दोन्ही बाजूंनी हीट सिंक पेस्टचा पातळ थर लावा. पेस्टमधून चकती दिसली पाहिजे. दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा. आता ट्रान्झिस्टरचं अंग, म्हणजे कलेक्टर, आणि हीट सिंक यांच्यात ओहम मोजा. काहीही आकडा दिसला तर चकती चिरली आहे किंवा स्क्रूचा बुश सुटला आहे. वीज देण्याआधी तो दोष काढा.

सप्लाय ६० वॉटच्या सिरीज बल्बमधून सुरू करा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला पाहिजे. भगभगीत जळत राहिला तर शॉर्ट अजून आहे. मंद झाल्यावर आउटपुट नॉबप्रमाणे फिरतं का ते पाहा आणि मग थेट मेन्सवर घ्या. १२ व्होल्ट सेट करून गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब जोडा, तो पावणेदोन अँपिअर घेतो. अर्धा तास ठेवा. लोडशिवाय आणि लोडसह व्होल्टेजमधला फरक मॅन्युअलच्या मर्यादेत हवा. शेवटी करंट लिमिट किमान ठेवून अँमीटरमधून आउटपुट शॉर्ट करा आणि नॉब हळूहळू वाढवत लिमिट खरंच धरतं का ते पाहा. ट्रान्झिस्टर का गेला हेही शोधा. चार्ज केलेली बॅटरी उलटी जोडली होती, की जुनी पेस्ट सुकून खडू झाली होती? कारण न काढता सप्लाय परत दिला तर तो महिन्याभरात परत येईल.

*एक सावधगिरी: आठवण जपणारा सेल.* एचपी ३४७८ए या साडेपाच आकडी मीटरमध्ये कॅलिब्रेशनचे आकडे ३ व्होल्टच्या लिथियम सेलवर टिकणाऱ्या मेमरीत असतात. सेल काढला की आकडे पुसले जातात आणि चांगला मीटर प्रयोगशाळेत नेऊन नव्याने जुळवावा लागतो. म्हणून आधी जीपीआयबीतून मेमरी वाचून फाइल ठेवा. मग बाहेरून ३ व्होल्ट डायोडमार्गे समांतर जोडा आणि तेव्हाच सेल बदला. सोल्डरिंग आयर्नचं टोक अर्थला असतं, म्हणून त्या वेळी मीटरला दुसरी कोणतीही वायर जोडलेली नको. पुढच्या पिढीतल्या ३४४०१ए मध्ये हे आकडे सेलशिवाय टिकणाऱ्या मेमरीत असतात, तिथे ही चिंता नाही. तुमच्या यंत्रात कोणती पद्धत आहे हे झाकण उघडण्याआधी शोधा.

पायरी ८: आकडा खरा आहे का ते ताडून पाहा

दुरुस्ती कोणीही केलेली असो, ही पायरी तुमची आहे.

यंत्र आणि ताडण्याचं साधन दोन्ही किमान अर्धा तास चालू ठेवा. ताडण्याचं साधन तपासल्या जाणाऱ्या यंत्रापेक्षा शक्यतो चौपट अचूक असावं. प्रत्येक रेंजवर शून्य, मध्याजवळ एक आणि रेंजच्या शेवटाजवळ एक, असे निदान तीन बिंदू घ्या. डीसीत उलट ध्रुवतेचाही एक घ्या. दुरुस्त झालेल्या रेंजच्या शेजारच्या रेंज वगळू नका, कारण विभाजक साखळीत एक रेझिस्टर बदलला की दोन-तीन रेंज हलतात. आकडे रकान्यात लिहा: लावलेलं मूल्य, दिसलेलं मूल्य, फरक, मॅन्युअलची मर्यादा.

पहिल्या गटातलं यंत्र यानंतर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाऊनच कामावर रुजू होईल. दुसऱ्या गटातल्यावर तारीख आणि कोणाशी ताडलं ते लिहून स्टिकर लावा. तिसऱ्या गटातल्यावर ठळक लिहा: “फक्त अंदाजासाठी”. प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख बहुधा नसते, तुम्ही मागितल्याखेरीज ती देत नाहीत. ती ठरवणं तुमचं काम आहे. दुरुस्त झालेल्या यंत्राला मी पहिली फेरी सहा महिन्यांची देतो; आकडा जागेवर राहिला तर मग वर्षाची.

पायरी ९: वहीत लिहा आणि यंत्र वापरात ठेवा

प्रत्येक यंत्राला वहीत एक पान. बिघाड, कारण, बदललेले भाग, कोणी केलं, ताडलेले आकडे. दोन वर्षांत ते पान सांगतं की एकच सप्लाय तिसऱ्यांदा का येतो.

कपाटातल्या यंत्रांना महिन्यातून एकदा तासभर चालू करा. दमटपणा निघून जातो आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जिवंत राहतात. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदला. वापरात नसलेल्या मीटरमधले सेल काढून ठेवा.

तो सुरुवातीचा मल्टिमीटर अजून माझ्या टेबलावर आहे. त्यात ०.१ टक्क्याचा रेझिस्टर घातला आणि प्रयोगशाळेतून कॅलिब्रेट करून आणला. तरीही दर सोमवारी सकाळी तो दुसऱ्या मीटरशेजारी ठेवून एकाच सप्लायवर दोन्हींचे आकडे वहीत लिहितो. मोजायचं व्होल्टेज ठरलेलं आहे: १३.६.